अजून तीन घसरगुंड्या

(एपिसोडमधलं बोलणं जसंच्या तसं वाचायला जड जातं, म्हणून थोडं सरळ करून लिहिलंय. बोलण्याचा बाज तोच ठेवलाय.)

आजचा एपिसोड लहान मुलांबद्दल आहे, पण ज्यांना मुलं नाहीत त्यांनी लगेच पुढे पळवू नका. मलाही मूल नाही. पण आपल्या वयाच्या बहुतेकांच्या घरात कुणीतरी साडेतीन वर्षांचं असतंच. भाची असते, पुतण्या असतो, नाहीतर शेजारच्या वहिनींचा मुलगा, जो चप्पल न काढता थेट आपल्या टीव्हीसमोर येऊन बसतो. मी पुण्यात ताई-जिजूंकडे राहतो आणि आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करतो, त्यामुळे भाचीचा अख्खा दिवस माझ्या कानावर असतो. कानावर म्हणतोय, कारण हेडफोन लावले तरी ऐकू येतं.

तर एक गंमत बघा. "आंघोळीला चल" म्हटलं की ती रडते. कसंबसं बाथरूममध्ये नेलं, अंगावर कोमट पाणी पडलं, प्लास्टिकचा तांब्या हातात आला की गाणी सुरू. आणि पंधरा मिनिटांनी "चल, बाहेर ये" म्हटलं की परत रडते. तेवढ्याच जोरात. आता सांगा, हिला आंघोळ आवडते की नाही?

आंघोळीचा इथे संबंधच कमी आहे. एका गोष्टीत रमलेलं असताना तिथून उठून दुसऱ्या गोष्टीत जायचं, ते अवघड जातं. इंग्रजीत याला ट्रान्झिशन म्हणतात. आपल्याकडे सरळ 'उठवणं' म्हणतात. तिला खेळातून उठव, टीव्हीसमोरून उठव, पानावरून उठव.

ताई ऑफिसमधून साडेसातला येते आणि भाची साडेनऊला झोपते. एका संध्याकाळी मी बोटांवर मोजलं. खेळातून उठणं, हात धुणं, पानावर बसणं, पानावरून उठणं, पुन्हा हात धुणं, फोन बघणं, फोन सोडणं, दात घासणं, कपडे बदलणं, गोष्ट, दिवा बंद. अकरा. दोन तासांत अकरा वेळा. यातल्या निम्म्या वेळी जरी झटापट झाली तरी आईचं आणि मुलीचं त्या दिवसाचं बोलणं "ऊठ", "चल", "किती वेळा सांगायचं तुला" एवढंच उरतं. दिवसभर ज्या दोन तासांची वाट बघितली ते असे जातात.

त्यात प्लेग्रुपच्या डायरीत शेरा आला. "सांगितलेलं ऐकत नाही. फार हट्टी आहे. घरी शिस्त लावावी." ताईने तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, "आमचं काही चुकतंय का रे?" तिला त्या रात्री नीट जेवण गेलं नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला 'हट्टी' असा शिक्का एकदा बसला की मग सगळे त्याच नजरेने बघायला लागतात, आजी-आजोबा धरून. म्हणून मी वाचायला बसलो. सवयच आहे, काही अडलं की आधी लॉग बघायचे.

वाचताना एक प्रयोग सापडला, तो मला फार आवडला. १९९६ साली फिलिप झेलाझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या अशा प्रयोगावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कार्डांचा साधा खेळ. समजा कार्डांवर लाल ससे आणि निळ्या होड्या आहेत. समोर दोन खोकी. एकावर निळ्या सशाचं चित्र, दुसऱ्यावर लाल होडीचं. आधी सांगायचं, आपण रंगाचा खेळ खेळतोय, लाल कार्डं लाल चित्राच्या खोक्यात, निळी निळ्याच्या. तीन वर्षांचं मूल हे मस्त करतं. मग सांगायचं, आता रंगाचा खेळ संपला, आता आकाराचा खेळ. ससे सशाकडे, होड्या होडीकडे. आणि इथे तीन वर्षांची बहुतेक मुलं रंगाप्रमाणेच टाकत राहतात. चार-पाच वर्षांची मुलं सहसा बदलू शकतात.

खरी मजा पुढे आहे. त्याच मुलाला विचारलं, "आकाराच्या खेळात ससे कुठे जातात?" तर ते बरोबर खोकं दाखवतं. आणि पुढच्याच क्षणी हातात कार्ड दिलं की परत रंगाने टाकतं.

मी घरी पुठ्ठ्याच्या रिक्षा आणि मासे कापून हे करून बघितलं. भाचीने मला बोट दाखवून ठणकावून सांगितलं, "मामा, रिक्षा तिकडे!" आणि रिक्षा इकडे टाकली. वर माझ्याकडे अशी बघतेय की बघ, केलं की नाही.

'कळतं पण वळत नाही' हा आपल्याकडे मोठ्या माणसांना मारायचा टोमणा आहे. या वयाच्या मुलाचं मात्र ते शब्दशः वर्णन आहे. तिने ऐकलंय, तिला समजलंय, ती सांगूनही दाखवते, आणि तरी हात आधीच्याच खेळात आहे. चालू असलेलं थांबवायचं आणि नवीन धरायचं, मेंदूचं हे कौशल्य त्या वयात अजून तयार होत असतं. मग तीच सूचना चौथ्यांदा, आवाज चढवून दिली तर काय होणार? सूचना तर पहिल्यांदाच पोचली होती.

आणि मोठ्यांना तरी कुठे जमतं? सोफी लरॉय नावाच्या संशोधिकेने २००९ साली एक कल्पना मांडली, 'अटेन्शन रेसिड्यू'. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलात की मन थोडं आधीच्याच कामाला चिकटून राहतं. भांड्याच्या तळाशी खरवड राहते ना, तसं. कोड लिहिताना मध्येच कुणी "दोन मिनिटं कॉलवर ये" म्हटलं की आपलं काय होतं, आठवा. आपण कॉलवर असतो पण डोकं त्या अर्ध्या फंक्शनमध्ये असतं. फक्त आपण जमिनीवर लोळत नाही. मनातल्या मनात शिव्या देतो.

बरं, मग करायचं काय? इथे जवळपास प्रत्येक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, पाच मिनिटं आधी सूचना द्या. "पाच मिनिटांनी जेवायचंय हं." ऐकायला बरोबर वाटतं. पण माझी भाची अजून "उद्या आपण आजीकडे गेलो होतो" असं म्हणते. तिच्यासाठी काल आणि उद्या हे एकाच पिशवीत आहेत, पाच मिनिटं कुठून कळणार? त्यात मोठ्यांची पाच मिनिटं म्हणजे रबर. फोन आला की त्यांची वीस होतात, व्हॅन खाली उभी असली की दीड. मुलाच्या बाजूने बघा, हा शब्द कधीच एकसारखा वागत नाही.

तिला मिनिटं कळत नाहीत, पण मोजता येतं. दहापर्यंत येतं, मध्ये सात विसरून. आणि आपल्या घरात मोजायला एक जबरदस्त यंत्र आधीच आहे, ते म्हणजे कुकर. वरण-भाताचा कुकर लावला की ताई सांगते, "तीन शिट्ट्या झाल्या की पानावर." पहिली शिट्टी झाली की भाची हॉलमधून ओरडते, "एक!" दुसरीला "दोन!" तिसरी तीच जाहीर करते आणि स्वतः पळत येते. रोज नाही. पण आठवड्यात चार-पाच दिवस तरी. तिला उठवणारी आई नसते ना, कुकर असतो. कुकरशी वाद कोण घालणार? तो कधी "बरं, अजून एक मिनिट" म्हणत नाही आणि चिडतही नाही.

बागेतही हेच. "चल आता" म्हटलं की घसरगुंडीला मिठी. त्याऐवजी "अजून तीन घसरगुंड्या, तू मोज." मोजणारी तीच. एकच अट आहे, आणि ती मोठ्यांसाठी आहे. तिसरी म्हणजे तिसरी. "बरं, एक शेवटची" असं दोनदा झालं की तिला कळतं, शेवटची म्हणजे शेवटची नसते, आणि आकड्याचा सगळा जीव जातो. आमच्या जवळच्या बागेत संध्याकाळी बंद व्हायच्या वेळी रखवालदार काका शिट्टी मारत एक फेरी मारतात. जी मुलं आईला दहा मिनिटं दाद देत नव्हती ती शिट्टीबरोबर निमूट फाटकाकडे निघतात. काका कुणाला ओरडतही नाहीत. बाग बंद झाली, विषय संपला.

हे मी फोनपाशी आणतोय, कारण सगळ्यात मोठी लढाई तिथेच असते. वॉशिंग्टन विद्यापीठात अलेक्सिस हिनिकर आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या घरांमध्ये बघितलं की स्क्रीन बंद करताना नेमकं काय होतं. २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना स्वतःलाही आश्चर्य वाटावं असं निघालं. "दोन मिनिटांनी बंद करणार हं" ही सूचना दिली होती तिथे मुलं जास्त बिथरत होती. आणि सोपं कधी जात होतं? जिथे रोजचा ठरलेला क्रम होता, जिथे बघत असलेला भाग आपला आपण संपला, किंवा जिथे बॅटरीच गेली, इंटरनेटच बंद पडलं. म्हणजे शेवट आईबाबांच्या तोंडून न येता त्या वस्तूतूनच आला तेव्हा. परत कुकर. परत रखवालदार काका.

आता आपल्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांना एक विचारतो. आपण बनवलेल्या गोष्टींना शेवट असतो का? आपल्या लहानपणी कार्टून अर्ध्या तासाने संपायचं. नावं वर सरकायची, संगीत वाजायचं, मग जाहिराती लागायच्या, आणि आपण कंटाळून आपसूक उठायचो. त्या सरकत्या नावांनी आपल्या आयांचं केवढं काम केलं! ऑटोप्लेने बरोबर तेवढाच तुकडा कापून टाकला. एक व्हिडिओ संपायच्या आत पुढचा हजर. उठायची जी एकमेव सोपी जागा होती तीच नाही, आणि मग आई फोन हिसकावते. रागवायचं असेल तर साडेतीन वर्षांच्या मुलीवर रागवण्याआधी त्या डिझाइनवर रागवा. आम्ही घरी एवढंच केलं. ऑटोप्ले बंद केला, दोन भाग आधीच डाउनलोड करून ठेवले आणि त्या वेळेपुरतं इंटरनेट बंद. दुसरा भाग संपला की स्क्रीन थांबते, भाची "संपलं" म्हणते आणि फोन टेबलावर पालथा ठेवते. पालथा का, ते तिलाच माहीत. यूट्यूब किड्समध्ये टायमरही आहे, वेळ झाली की ॲप स्वतः थांबतं. पण तो गोष्टीच्या ऐन मध्यावर थांबला की रडारड होतेच, म्हणून मला भाग संपणं जास्त बरं वाटतं.

अर्धवट राहिलेल्या खेळाचं काय? ठोकळ्यांचा पूल अर्धा बांधलाय, फरशी पुसायला मावशी दारात उभ्या आहेत. "नंतर कर" म्हणून सगळं डब्यात भरलं की आक्रोश. लरॉय बाईंचंच २०१८ सालचं एक काम आहे, मोठ्यांवर केलेलं. काम सोडण्याआधी आपण कुठे आहोत आणि परत आल्यावर पहिलं काय करायचंय हे टिपून ठेवलं की पुढच्या कामात लक्ष जास्त लागतं. मुलांवर हे तपासलेलं नाही, पण आमच्याकडे एक जुनी पितळी परात पडून होती. खेळ आता परातीतच सुरू होतो. उठायची वेळ झाली की परात जशीच्या तशी दिवाणाखाली जाते, आणि जाताना भाचीला विचारायचं, "आल्यावर आधी काय करणार?" ती सांगते, "गाडी पुलावरून जाणार." एवढं बोलली की हात मोकळे होतात. आपल्या भाषेत सेव्ह केलं आणि टॅब बंद केला. परातीच्या काठाबाहेरचे ठोकळे मात्र डब्यात जातात, त्यावरून अजून कधीकधी वाद होतो.

आता पुढच्या गोष्टीकडे नेण्याबद्दल. आपण घरात फार गोड बोलतो. "आंघोळ करूया का?" "जायचं का आता?" तिने "नाही" म्हटलं तर ते चक्क बरोबर उत्तर आहे, विचारलंय तुम्हीच. आंघोळ ठरलेली असेल तर ती विचारायचीच कशाला. "आंघोळीची वेळ झाली. ठोकळ्यातली गाडी धुवायला न्यायची का बाहुली?" हे तिला खरंच ठरवता येतं. आणि गाडी हातात असली की खेळ पूर्ण सुटत नाही, बरोबर चालत येतो. बाथरूममधून बाहेर येतानाही तसंच. गाडी पुसायची आहे, टॉवेल बाहेर आहे. जेवायला येताना पाण्याचा तांब्या आणायचं काम तिचं, झोपताना दिव्याचं बटण तिचं. त्या बटणासाठी तिला कडेवर उचलावं लागतं, आणि माझी शंका आहे की ती बटणासाठी येत नाही, कडेसाठी येते. येऊ दे.

धमकीचा विषय निघणारच. "बुवा येईल", "पोलीस घेऊन जातील". चालते का धमकी? त्या क्षणी चालते, मूल उठतं. पण ते घाबरून उठतं, आणि त्याच बुवाच्या आठवणीने रात्री झोपायला तयार नसतं. म्हणजे बारावं उठवणं आपणच वाढवून ठेवलं. चॉकलेटचं उलट आहे, रोज भाव वाढतो. दोन्हीबद्दल यापेक्षा जास्त बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आणि हे सगळं करून मूल रडणार नाही असं नाही. भूक लागलेली असेल, झोप आलेली असेल तर कुकर आणि परात दोन्ही फेल. परवाच लग्नाहून रात्री अकराला आलो, भाची कपडे बदलायला तयार नव्हती. जिजूंनी तिला भरजरी परकरातच झोपवलं. तेव्हा समजावण्यात अर्थ नसतो. "पूल सोडून यायचं जिवावर येतंय ना" एवढं म्हणायचं आणि उचलायचं. काही मुलांना मात्र प्रत्येक छोट्या बदलाचा खूपच त्रास होतो, वय वाढूनही कमी होत नाही, बोलण्या-खेळण्यातही वेगळेपण जाणवतं. तिथे युक्त्या करत बसण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांशी बोला. ऑटिझम असलेल्या मुलांसाठी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या 'टीच' या उपक्रमाने चित्रांच्या वेळापत्रकाचा खूप वापर केला. आधी काय, मग काय, ते शब्दांऐवजी चित्रांत. ते कुठल्याही मुलाला उपयोगी पडतं. आमच्या फ्रिजवर सकाळची पाच चित्रं लावली आहेत, माझ्या हातची. दूध म्हणून काढलेलं चित्र तिला बादली वाटतं, पण क्रम पाठ आहे.

शाळेत सोडण्याबद्दल एकच सांगतो, गुपचूप सटकू नका. मूल खेळात गुंतलंय तोवर निघून जाणं सोपं वाटतं, पण मग ते पुढच्या वेळी खेळात गुंततच नाही, दारावर पहारा देतं. टाटा करा, कोण न्यायला येणार ते सांगा, आणि निघा. दारात रेंगाळू नका.

हे वाचता वाचता मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांपर्यंत पोचलो. आपण शाळेत त्यांची नावं एका ओळीत वाचून सोडून दिलेली असतात. १९४५ साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, डहाणू तालुक्यात. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा 'हट्टी आहेत' असा शेरा त्यांनी मारला नाही. त्या स्वतः वस्तीत गेल्या आणि मुलांच्या अंगणातच बालवाडी भरवली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. आज सरकारी अंगणवाड्या देशभर आहेत, त्यांची योजना १९७५ सालची, पण शब्द आपल्या कोसबाडच्या कामातला. घर आणि शाळा यांच्यामधलं अंतर मुलाने एका उडीत पार करावं असा हट्ट त्यांनी धरला नाही. अंगण मध्ये ठेवलं.

ताईने त्या डायरीच्या शेऱ्याखाली उत्तर लिहिलं. भांडण नाही. एवढंच, की एक खेळ थांबवून दुसरा सुरू करण्याआधी तिला मोजायला काहीतरी द्याल का, आणि हातात न्यायला काहीतरी. तिथल्या एका टीचरनी टाळ्यांचं सुरू केलं, सगळ्या वर्गासाठीच. पाच टाळ्या झाल्या की खेळणी जागेवर. दुसऱ्या टीचर अजूनही "फार लाडावलीय" म्हणतात.

जूनमध्ये भाची मोठ्या शाळेत जाणार. नवीन इमारत, नवीन गणवेश, पहिल्यांदाच व्हॅन. सध्या आम्ही रोज संध्याकाळी दूध आणायला जाताना त्या शाळेच्या फाटकापर्यंत जातो, फाटकाला हात लावतो आणि परत येतो. डब्याचं झाकण उघडायची प्रॅक्टिस चालू आहे. व्हॅनवाल्या काकांना एकदा घरी चहाला बोलवायचं असं आई म्हणते, म्हणजे पहिल्या दिवशी ते अनोळखी नसतील. कसं जातंय ते जुलैच्या एपिसोडमध्ये सांगतो. तोवर तुमच्याकडे कुकरच्या जागी काय आहे, ते व्हॉइस नोट करून पाठवा. आजीची युक्ती असेल तर आजीच्याच आवाजात पाठवा.